नवं सरकारी अभियोक्ता कार्यालय: तिजोरीवर नेमका भार किती?

आधी प्रश्न मांडतो. एका तालुक्याच्या गावी नवं दिवाणी आणि फौजदारी न्यायालय मंजूर होण्याच्या वाटेवर आहे. तिथल्या वकील संघाने न्यायालयाबरोबर स्वतंत्र सरकारी अभियोक्ता कार्यालयही (फौजदारी खटल्यांत सरकारची बाजू मांडणाऱ्या वकिलांचं कार्यालय) मागितलं. त्यावर आक्षेप आला की शेजारच्या तालुक्यातले अभियोक्ता आठवड्यातून दोन दिवस येऊन काम बघतील, मग नवं कार्यालय थाटून सरकारी तिजोरीवर बोजा कशाला? विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्यात: खर्च किती, तो कुणाच्या खात्यात पडतो आणि आक्षेपात तथ्य किती.

मी सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून नोकरी केली आणि पुढे अशा कार्यालयांचे प्रस्ताव तयार करण्यात बरीच वर्षं घालवली. थेट उत्तर असं: दोन फौजदारी न्यायालयांचं काम बघणारं, माणसं पूर्ण भरलेलं कार्यालय आजच्या वेतनश्रेणीत वर्षाला ४५ लाखांच्या घरात जातं. टेबलं, कपाटं, संगणक हा एकदाच होणारा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. मात्र या आकड्याचा बहुतेक भाग कुठून येतो हे कळल्याशिवाय तो आकडा कुणाच्या तोंडावर फेकू नका, कारण पुढचा प्रश्न तोच येतो.

तर पगारापासून सुरू करू. सहायक सरकारी अभियोक्ता हे गृह विभागाकडचं गट-अ पद, लोकसेवा आयोगामार्फत भरलं जाणारं. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं. महागाई भत्ता ५५ टक्के धरू, म्हणजे जानेवारी २०२५ पासूनचा दर. दोन्ही मिळून ८६,९५५ झाले. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या माणसासाठी सरकार निवृत्तिवेतन खात्यात मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्के भरतं. ते १२,१७४. म्हणजे नवा कोरा अभियोक्ता, घरभाडं आणि वाहतूक भत्ता न धरताही, सरकारला महिन्याला ९९,१२९ रुपयांना पडतो. प्रस्तावांत हा १४ टक्क्यांचा वाटा हमखास राहून जातो. लिहिणारा आपली वेतनचिठ्ठी समोर ठेवून हिशोब मांडतो, आणि हातात न येणारी रक्कम तिथे त्याच्या नजरेतून सुटते.

याच रीतीने बाकीची पदं. वरिष्ठ लिपिकाचं मूळ वेतन २५,५००, म्हणजे सरकारला ४५,०५९. लिपिक-टंकलेखक १९,९००, म्हणजे ३५,१६३. शिपाई १५,०००, म्हणजे २६,५०५. दोन अभियोक्ते, एक वरिष्ठ लिपिक, एक लिपिक-टंकलेखक आणि एक शिपाई धरले तर महिन्याला ३ लाख ५ हजार होतात. वर घरभाडं आणि वाहतूक भत्ता आला की सव्वातीन लाख. बारा महिन्यांचे ३९ लाख. उरलेले पाच-सहा लाख वीज, दूरध्वनी, टपाल, कागद-शाई, प्रवास भत्ता, वैद्यकीय प्रतिपूर्ती, सफाईसाठी बाह्ययंत्रणेचा माणूस अशा गोष्टींत जातात. हे शेवटचे पाच-सहा लाख माझ्या अनुभवाचा अंदाज आहेत. वेतनाचा भाग मात्र कुणीही कागद-पेन घेऊन पडताळून बघावा.

आणि हा आकडा थांबून राहत नाही. महागाई भत्ता जानेवारी-जुलैला सरकतो आणि दरवर्षी वेतनवाढ मिळते. आज ५६,१०० वर लागलेला अभियोक्ता दहा वेतनवाढींनंतर ७५,४०० मूळ वेतनावर असेल, आणि मधे नवा वेतन आयोग आला तर ही सगळी कोष्टकंच बदलतील. म्हणून 'पाच वर्षांचा खर्च' विचारला तर ४५ लाख गुणिले पाच करून देऊ नका. दरसाल सात-आठ टक्के चढ धरा.

आता एकदाच होणारा, सरकारी भाषेत 'अनावर्ती' खर्च. चार संगणक, एक चांगला प्रिंटर-स्कॅनर, लोखंडी कपाटं, टेबल-खुर्च्या, इन्व्हर्टर, कायद्याची पुस्तकं. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून नीट खरेदी केली तर आठ-दहा लाखांत बसतं. सगळी चर्चा मात्र या भागावरच होते, कारण खुर्ची डोळ्यांना दिसते. एका बैठकीत फिरत्या खुर्च्या की साध्या यावर वीस मिनिटं गेली आणि दुसऱ्या अभियोक्त्याचं पद एका वाक्यात कापलं गेलं. खुर्च्यांत वाचले असतील बारा हजार.

जागेचा खर्च बहुधा शून्य दाखवतात, 'न्यायालयाच्या इमारतीत जागा उपलब्ध होईल' असं लिहून. झाली तर उत्तमच. नाही झाली तर खासगी जागा भाड्याने घ्यावी लागते. मग भाडं वाजवी असल्याचं सार्वजनिक बांधकाम विभागाचं प्रमाणपत्र, करारनामा आणि दरवर्षी भाड्याची तरतूद हे सगळं मागे लागतं. आणखी एक बाब अंदाजपत्रकात मी फार क्वचित पाहिली आहे: दुसरी खोली. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करण्याआधी त्याला जबाब वाचून दाखवावा लागतो, काय झालं होतं ते त्याच्याकडून ऐकून घ्यावं लागतं. एकच खोली असेल आणि तिथे लिपिक, पोलीस, पक्षकारांची गर्दी असेल तर हे काम व्हरांड्यात होतं. त्याच व्हरांड्यात आरोपी आणि त्याचे नातेवाईक उभे असतात. विनयभंगाच्या खटल्यातली बाई तिथे काय बोलणार? दहा बाय बाराची खोली, एक दार, दोन खुर्च्या. खर्च म्हणून बघितलं तर काहीच नाही.

खातं कुणाचं, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो, पण प्रस्ताव अडकतात ते इथेच. महाराष्ट्रात सरकारी पक्षाचे वकील दोन वेगवेगळ्या वाटांनी येतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात उभा राहतो तो सहायक सरकारी अभियोक्ता, गृह विभागाच्या अखत्यारीतल्या अभियोग संचालनालयाचा पगारी अधिकारी. सत्र न्यायालयात उभे राहतात ते जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे अतिरिक्त किंवा सहायक. हे वकिली करणाऱ्यांमधून ठरावीक मुदतीसाठी नेमलेले, विधी व न्याय विभागाचे आणि १९८४ च्या विधी अधिकारी नियमांखालचे. म्हणजे नव्या तालुक्यात फक्त दंडाधिकारी न्यायालय येणार असेल तर खर्च एका विभागाचा. अतिरिक्त सत्र न्यायालयही येणार असेल तर दोन विभागांचे दोन प्रस्ताव लागतात. मी असं पाहिलंय की एका विभागाची फाईल पुढे गेली, दुसऱ्याची पडून राहिली. मग सत्र खटल्यांना वकील आहे आणि दंडाधिकाऱ्यांकडे कुणी नाही, किंवा त्याच्या उलट.

ही विभागणी अशीच का, याला इतिहास आहे. पूर्वी दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात खटले चालवायचे ते पोलीस खात्याचे प्रॉसिक्यूटर. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सहायक सरकारी अभियोक्ता हे वेगळं पद आणलं, तरी महाराष्ट्रात त्यांच्यावरचा पोलिसांचा ताबा सुटला नव्हता. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा ताबा काढा, अभियोक्त्यांचं वेगळं संवर्ग करा आणि त्यावर संचालक नेमा. तपास करणाऱ्याच्या हाताखाली खटला चालवणारा नको, एवढाच त्याचा अर्थ. पण पैशाच्या अंगाने परिणाम मोठा झाला. पोलीस ठाण्याच्या जागेत, पोलिसांच्या कागदावर, पोलिसांच्या शिपायाकडून जे होत होतं त्याला आता स्वतःचं कार्यालय, स्वतःचा लिपिक आणि स्वतःचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं, लागायला लागलं. स्वातंत्र्याचं बिल आहे ते, आणि माझ्या मते द्यायलाच हवं असं बिल. तरी तालुक्याच्या पातळीवर ते अजून पुरतं चुकतं झालेलं नाही.

एक प्रसंग सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका नव्या न्यायालयात माझी नेमणूक झाली. न्यायालयाचं उद्घाटन थाटात झालेलं. आमच्यासाठी जिन्याखालची खोली. प्रस्तावात लिहिलेलं, 'कोणताही अतिरिक्त आर्थिक भार पडणार नाही.' खोलीला वेगळं मीटर नव्हतं आणि न्यायालयाच्या मीटरवर आमची वीज टाकायला कार्यालय तयार नव्हतं. चार महिने दाराजवळच्या उजेडात दोषारोपपत्रं वाचली. कपाट नव्हतं, म्हणून प्रकरणांचे कागद एका हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेत. संध्याकाळी कुलूप लावायचं, किल्ली खिशात. लिपिकाचं पद मंजूरच नव्हतं, त्यामुळे आवक-जावक मी लिहायचो, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, मी उतरवून घ्यायचो, जामीन अर्जावरचं म्हणणं मी टाइप करायचो. गट-अ अधिकारी दिवसाचे अडीच तास लिपिकाचं काम करत होता. वर दाखवलेल्या ९९ हजार आणि ३५ हजारांच्या हिशोबात हे बसवून बघा. लिपिक न देऊन सरकारने पस्तीस वाचवले आणि नव्याण्णवातले तिसऱ्या हिश्शाचे वाया घालवले.

झेरॉक्सचं तर विचारूच नका. आरोपींना दोषारोपपत्राच्या प्रती द्यायच्या असतात. सहा आरोपी, दीडशे पानं. ठाण्याचा पैरवी अंमलदार, म्हणजे न्यायालयाची कामं बघणारा पोलीस, समोरच्या दुकानात जायचा, उधारी मांडून यायचा. ती उधारी कधी ठाण्याच्या कार्यालयीन खर्चातून फिटायची, कधी त्याच्या खिशातून. 'भार नाही' याचा अर्थ भार दुसऱ्याच्या डोक्यावर गेला. माझ्या अनुभवात प्रस्तावातलं सर्वांत महागडं वाक्य हेच.

आता आक्षेपाकडे वळतो: शेजारचा अभियोक्ता दोन दिवस येईल. याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात आणि राज्यात तो सर्रास चालतो. वरकरणी त्याचा खर्च म्हणजे प्रवास भत्त्याचे काही रुपये. खरा खर्च तीन-चार ठिकाणी विखुरलेला असतो, म्हणून कुणाच्या नजरेस पडत नाही.

पहिलं ठिकाण पोलीस ठाणं. दोषारोपपत्र दाखल करण्याआधी छाननी, जामिनावर म्हणणं, मुद्देमाल परत देण्याबाबत अभिप्राय, निर्दोष सुटकेवर अपील करावं की नाही याचं मत, या सगळ्यासाठी अंमलदाराला अभियोक्ता असेल तिथे जावं लागतं. समजा तालुक्यात चार ठाणी आहेत आणि प्रत्येकातून आठवड्याला दोन खेपा होतात. वर्षाच्या पन्नास आठवड्यांत ४०० मनुष्यदिवस. पोलीस शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून, महागाई भत्ता धरून ३३,६३५, म्हणजे दिवसाला अकराशेच्या वर. अगदी नवख्या शिपायाच्या पगाराने धरलं तरी साडेचार लाख रुपये, आणि प्रत्यक्षात जातो तो जुना हवालदार, त्याचा पगार याहून बराच जास्त. हे पैसे पोलिसांच्या लेखाशीर्षात दडलेले असतात. अभियोग संचालनालयाचं अंदाजपत्रक बघणाऱ्याला ते कधीच दिसणार नाहीत.

दुसरं ठिकाण साक्षीदार. ग्रामीण रुग्णालयातले एक वैद्यकीय अधिकारी मला आठवतात. मारहाणीच्या खटल्यात जखमांच्या प्रमाणपत्राबाबत त्यांची साक्ष होती. तीनदा आले. दोनदा अभियोक्ता दुसऱ्या न्यायालयात अडकला होता, एकदा कागदच पोचले नव्हते. तिन्ही दिवस त्यांची बाह्यरुग्ण तपासणी बंद, बाहेर रांग. चौथ्या तारखेला साक्ष झाली, दहा मिनिटांत. न्यायालयाने दिलेला साक्षीदार भत्ता कागदावर आहे. त्या तीन दिवसांतल्या रांगेची नोंद कुठेच नाही.

तिसरं आणि सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे ते न्यायालयच. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांचं मूळ वेतन आता ७७,८४० पासून सुरू होतं. त्यांच्याबरोबर अधीक्षक, लघुलेखक, लिपिक, बेलीफ, शिपाई असा पंधरा-वीस माणसांचा ताफा असतो, शिवाय इमारत, निवासस्थान आणि सुरक्षा. हे सगळं सरकार आठवड्याचे सगळे कामकाजाचे दिवस पोसणार, आणि फौजदारी बोर्ड मात्र दोनच दिवस चालणार, कारण सरकार पक्षाचा माणूस दोनच दिवस येतो. उरलेल्या दिवशी न्यायाधीश दिवाणी कामं घेतील हे खरं. पण जामीन आठवड्याची वाट बघत नाही, रिमांड तर नाहीच नाही. ट्रॅक्टर घेतला आणि डिझेलचे पैसे वाचवले, असा तो प्रकार होतो.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण मागणी करणारे मित्र उत्साहात उलट टोकाला जातात. वर सांगितलेली सगळी बचत एकत्र केली तरी ४५ लाख भरून निघत नाहीत. 'हे कार्यालय स्वतःचा खर्च स्वतः काढील' असं निवेदनात लिहू नका. वित्त विभागातला पहिला अधिकारीच ते वाक्य खोडील आणि मग बाकीच्या कागदावरही त्याचा विश्वास बसणार नाही. तसंच, दंडाच्या रकमेतून खर्च निघेल हा मुद्दाही काढून टाका. दंड राज्याच्या एकत्रित निधीत जातो, कार्यालयाच्या गल्ल्यात नाही. आणि ज्या दिवशी अभियोक्त्याचं कार्यालय दंडाच्या वसुलीवर तोललं जाईल त्या दिवशी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचे खटले झपाट्याने चालतील आणि फितूर होऊ घातलेल्या साक्षीदारांचे खटले कपाटात जातील. खर्च आहे, तो खराच आहे, तो सोसायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ सालीच म्हटलंय की खटला लवकर चालवण्याचा हक्क पैशाची अडचण सांगून नाकारता येणार नाही.

नव्या कायद्यांनी या खर्चात भर घातली आहे, आणि जुने नमुना-प्रस्ताव उचलून वापरणाऱ्यांना ती दिसत नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम २० मध्ये राज्य संचालनालयाबरोबर प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अभियोग संचालनालयाची सोय आहे. दहा वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या खटल्यांवर संचालकांनी देखरेख करायची, सात ते दहाच्या उपसंचालकांनी, सातच्या खालच्या सहायक संचालकांनी. देखरेख म्हटलं की तालुक्यातून माहिती वर जायला हवी, आणि माहिती भरायला माणूस हवा. ई-प्रॉसिक्यूशन या अभियोक्त्यांच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदी आल्या. दोषारोपपत्राच्या प्रती द्यायला आणि आरोप ठेवायला मुदती आल्या. सुनावणी तहकूब करण्यावर मर्यादा आली. पूर्वी 'सरकारी वकील हजर नाहीत, तारीख द्या' हे खपून जायचं, आता ते दर वेळी खपेल असं धरून चालू नका.

आणि पुरावा पेन ड्राइव्हमधून येतो. घटनास्थळाचं चित्रीकरण, सीसीटीव्हीचं फुटेज, मोबाइलमधला मजकूर. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडलेलं आहे का, त्यातली हॅश व्हॅल्यू (फाईलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) जुळते का, हे दोषारोपपत्राच्या छाननीत बघावं लागतं. त्यासाठी नीट चालणारा संगणक, इंटरनेट आणि हे समजणारा लिपिक हवा. दहा वर्षांपूर्वीच्या प्रस्तावात 'एक संगणक, टंकलेखनाकरिता' असायचं. आजही तसंच छापून येताना मी पाहिलंय.

आक्षेपात तथ्य कुठे आहे तेही सांगायला हवं. तीन परिस्थितींत मी स्वतः पूर्ण कार्यालयाला नाही म्हणालो आहे. न्यायालय नियमित नसून महिन्यातले काहीच दिवस बसणारं असेल, तर जवळच्या कार्यालयातून माणूस येणंच शहाणपणाचं. दुसरं, नवं न्यायालय म्हणजे जुन्या न्यायालयाचंच विभाजन असेल आणि तिथले निम्मे खटले इकडे येणार असतील, तर आधी विचारावं की तिथलं एखादं पद इकडे वर्ग करता येईल का. पद वर्ग झालं तर तेवढा भार नवा नसतो, फक्त जागा बदलते. अंदाजपत्रकाचा आकडा बराच खाली येतो आणि प्रस्ताव झटकन सुटतो. तिसरं, फौजदारी प्रकरणांची संख्याच तुटपुंजी असेल तर.

मात्र एकच अभियोक्ता असलेलं कार्यालय, ही तडजोड मला कधीच पटली नाही. तो आजारी पडला, प्रशिक्षणाला गेला, बाळंतपणाच्या रजेवर गेली, की न्यायालय ठप्प. मग पुन्हा अतिरिक्त कार्यभार. कायद्यात सोय आहे: अभियोक्ता उपलब्ध नसेल तर जिल्हा दंडाधिकारी राज्य सरकारला १४ दिवसांची सूचना देऊन दुसऱ्या कुणाला नेमू शकतात. पण ती अडचणीच्या वेळची सोय आहे, रोजच्या कारभाराची नाही. दोनपेक्षा कमी पदं मागू नका. कापायचीच असतील तर वरून कापतील.

खर्चाच्या दुसऱ्या बाजूचं ताजं आणि मोठं उदाहरण बघायचं असेल तर कोल्हापूरचं बघा. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. तालुक्याच्या कार्यालयापेक्षा हा मामला फार मोठा, पण हिशोबाची जात तीच. बेंच आलं की सरकार पक्षाचं कार्यालय, वकील आणि कर्मचारी आलेच, तो खर्च नवा. पण त्याआधी सांगली किंवा कोल्हापूरच्या एखाद्या ठाण्यातला तपास अधिकारी जामिनाच्या सुनावणीसाठी चारशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून मुंबईला जायचा, रात्र काढायचा आणि बोर्डावर नंबर न लागल्याने परत यायचा. त्या प्रवासाची देयकं सहा जिल्ह्यांच्या पोलीस दलांत विखुरलेली होती. कुणी ती एकत्र करून बेंचच्या खर्चासमोर ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तुमच्या तालुक्यापुरता तरी हा हिशोब तुम्ही करू शकता. ठाण्यांकडून गेल्या वर्षीची 'न्यायालयीन कामासाठी रवानगी'ची नोंद माहिती अधिकारात मागवा. स्टेशन डायरीत सगळं असतं.

प्रस्तावाची वाट ठाऊक असू द्या, म्हणजे खर्चाचे आकडे कुठल्या वर्षी कुठे दिसतील ते कळेल. संचालनालयाकडून गृह विभाग, तिथून वित्त विभाग, मग मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची उच्चस्तरीय सचिव समिती, गरजेप्रमाणे मंत्रिमंडळ, आणि शेवटी शासन निर्णय. अंदाजपत्रक होऊन गेलं असेल तर पुरवणी मागणी. पदं मंजूर झाली म्हणजे माणसं आली असं नव्हे. लोकसेवा आयोगाकडे मागणीपत्र जातं, जाहिरात, परीक्षा, मुलाखती, पडताळणी. यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. म्हणून पहिल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च हास्यास्पद रीतीने कमी दिसतो. ४५ लाखांची तरतूद, खर्च नऊ लाख, बाकी मार्चमध्ये समर्पित, म्हणजे सरकारला परत. पुढच्या वर्षी वित्त विभाग विचारतो, गेल्या वर्षी नऊ लाखांत भागलं ना? हे मी स्वतः ऐकलेलं आहे. त्या वेळी 'पदं रिक्त असल्याने' हे तीन शब्द फाईलवर आधीपासून लिहिलेले असावे लागतात.

आणखी एक सापळा अस्थायी पदांचा. नवीन पदं बहुधा अस्थायी म्हणून मंजूर होतात आणि त्यांना ठरावीक काळाने मुदतवाढ द्यावी लागते. मुदतवाढीचा शासन निर्णय वेळेवर निघाला नाही की कोषागार देयक परत पाठवतं. पगार दोन-दोन महिने अडकतो, लिपिक बदली मागतो आणि कार्यालयाचं दार पुन्हा शिपायाच्या भरवशावर. मुदतवाढीचा पाठपुरावा कोण करणार, त्याचं नाव आणि तारीख पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा.

तुमच्या निवेदनासाठी एवढं करा. आवर्ती आणि अनावर्ती खर्च वेगळे लिहा. निवृत्तिवेतनाचा १४ टक्के वाटा धरा. खर्च पूर्ण भरलेल्या पदांवर दाखवा आणि पहिल्या वर्षी तो कमी का येईल हे त्याच पानावर लिहा. न्यायालयाचा मंजूर खर्च शेजारच्या रकान्यात ठेवा, म्हणजे ४५ लाख कशाच्या तुलनेत आहेत ते वाचणाऱ्याला दिसेल. गेल्या तीन वर्षांची दाखल, निकाली आणि प्रलंबित फौजदारी प्रकरणं ई-कोर्टच्या संकेतस्थळावरून काढून जोडा. जागेच्या रकान्यात 'उपलब्ध होईल' लिहू नका. खोलीचा क्रमांक, मोजमाप आणि वीज मीटर कुणाच्या नावावर असेल ते लिहा.

त्या जिन्याखालच्या खोलीला मीटर मिळालं ते पाचव्या महिन्यात. अर्जावर मला सतरा सह्या घ्याव्या लागल्या होत्या.